बोर्डासकट

"अडकलं! सपे, बघ, बघ, परत अडकलं!"

मी दात घासत होते. ब्रश तोंडात तसाच ठेवून बाहेर आले, तर अण्णा स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर करून बसलेले आणि टीव्हीवर आमची बस घाटाच्या कठड्यावर अर्धी चढलेली. सकाळचे साडेसात वाजले होते.

"कितवी?" आतून आईनं विचारलं.

"चौथी. पण चारही मशीनच्या चुका हायत. माझी एक न्हाई."

"मग मशीनचं लायसन जप्त करा आणि पोहे खायला या," आई म्हणाली.

मशीन म्हणजे माझा कॉम्प्युटर. अकरावीत असताना रडून, रुसून, दोन दिवस जेवण सोडून मिळवलेला. पहिल्या दोन वर्षांत तो गेम असा पळवायचा की काय सांगू! पण आता मी बावीस वर्षांची झाले होते, बीएस्सी होऊन क्लासमध्ये पोरांना गणित शिकवत होते, आणि कॉम्प्युटरला म्हातारपण आलं होतं. विट्यात गेम खेळणारी मी बहुधा एकटीच मुलगी, त्यामुळे हे दुःख सांगायलाही कुणी नव्हतं.

तर पंधरा दिवसांपूर्वी अण्णा माझ्या खुर्चीत येऊन बसले. कुणी हौशी पोरानं बस चालवायच्या गेममध्ये आपल्याकडच्यासारखा घाट बनवून इंटरनेटवर टाकला होता. तीच लाल माती, तेच पांढरे-काळे कठडे, रस्त्यात आडव्या म्हशीसुद्धा. मी सहज लावून दाखवला. अण्णांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "सरक."

त्या एका शब्दानं मला केवढा आनंद झाला, आणि तो कशाचा, ते सांगायला पाहिजे. अण्णा, म्हणजे जालिंदर हसबे, बावीस वर्षं सूतगिरणीच्या कामगारांची बस चालवत होते. आठ महिन्यांपूर्वी सुळकीच्या घाटात, शेवटच्या वळणावर, एक मोटरसायकल आडवी आली, आणि तिला वाचवताना बस कठड्याला घासून उसाच्या फडात गेली. माणसं वाचली. एका बाईचा हात मोडला आणि पन्नास जणांचे डबे उसात सांडले. अण्णांनी चौकशीत सांगितलं, "ब्रेक लागला नाही." त्या दिवशी सकाळी गाडी तपासून सही केली होती दस्तगीरचाचांनी. ते गिरणीचे मिस्त्री आणि अण्णांचे एकोणीस वर्षांचे दोस्त. चाचा शेवटपर्यंत म्हणत राहिले की ब्रेक ठणठणीत होता. गिरणीनं त्यांना कामावरून कमी केलं, आणि अण्णांना गेटवर बसवलं. दोन महिन्यांनी अण्णाच राजीनामा देऊन घरी आले. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. स्कूटरसुद्धा नाही. बाजारात चालत जायचे.

आणि आता कुंभार मॅडमचा निरोप आला होता. त्यांच्या शाळेची बस होती, चाळीस पोरांची, आणि त्यांना जुना, जाणता ड्रायव्हर हवा होता. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. अण्णा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "बघू. हात अजून हायत का गेले ते तरी बघू."

त्यामुळे माझा बेत साधा होता. गेममधलं ते शेवटचं वळण अण्णांनी आठ-दहा वेळा नीट काढलं की त्यांच्या मनातली भीती जाईल, मग ते शाळेची बस घेतील, आणि आमच्या घरात परत पूर्वीसारखं हसणं-खिदळणं सुरू होईल. फक्त माझा म्हातारा कॉम्प्युटर नेमका त्याच वळणावर अडकत होता. तिथं डावीकडून एक फाटा येऊन मिळायचा, त्यावर गाड्या, म्हशी, माणसं, सगळी गर्दी, आणि चित्र अर्धा सेकंद गपकन थांबायचं. परत सुरू होईपर्यंत बस कठड्यावर.

स्टिअरिंग मी सांगलीतून जुनं आणलं होतं. ते आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला शिकंज्यानं आवळलं होतं, समोर भिंतीला बत्तीस इंची टीव्ही. टेबल अरुंद, त्यामुळे अण्णा टीव्हीच्या अगदी जवळ बसायचे. चार वाजले की आई येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "डेपो बंद. मला ब्लाऊज शिवायचेत."

अण्णांची आणखी एक सवय होती. गिरणीत ट्रिप संपली की ड्रायव्हरनं वहीत दोष लिहायचा, असा नियम होता. स्टिअरिंग जड, हॉर्न बसलाय, मागचं टायर उतरतंय, जे काय असेल ते. ती वही मिस्त्री वाचायचा आणि दुरुस्ती करायचा. अण्णांनी गेमसाठीही दोनशे पानी वही घातली होती. प्रत्येक ट्रिपनंतर चष्मा नाकावर घेऊन बॉलपेननं लिहायचे.

"ट्रिप ९. शेवटच्या वळणावर मशीन अडकली. मोटरसायकल एकदम उगवली. गाडी कठड्याला."

"ट्रिप १०. वरीलप्रमाणे."

"ट्रिप ११. म्हैस नीट दिसली. मोटरसायकल एकदम उगवली. मशीन अडकली."

"अण्णा, हे वाचणार कोण?" मी विचारलं.

"मिस्त्री."

"मिस्त्री कोण?"

"तू. आणि तुला येत नसंल तर ज्याला येतंय त्याच्याकडं घेऊन चल."

म्हणून सोमवारी आम्ही दोघं स्टँडजवळ सुहासदादाच्या दुकानात गेलो. मी पुढं, अण्णा स्कूटरवर मागं, काखेत वही. सुहास पोतदार हा आमच्या गावातला कॉम्प्युटरमधला शेवटचा शब्द. दुकान पहिल्या मजल्यावर, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण कालच जन्मलो असं वाटावं. त्यानं वही उघडली, चार पानं वाचली आणि माझ्याकडं बघितलं.

"हे काय गं?"

"दोषांची वही आहे. बोल, काय करायचं?"

"काका, आता असं बघा. प्रोसेसर म्हणजे गाडीचं इंजिन समजा..."

"समजून नको सांगू," अण्णा म्हणाले. "सरळ सांग. कॉम्प्युटरला कॉम्प्युटरच म्हण."

सुहासदादा जरा वरमला. मग त्यानं सरळ सांगितलं. मदरबोर्ड म्हणजे आतली मोठी पाटी, जिच्यावर सगळं बसतं. आमच्या जुन्या बोर्डावर जास्तीत जास्त ताकदीचा जो प्रोसेसर बसू शकतो, तो त्याच्याकडे कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधून काढलेला पडून होता. जुना काढायचा, हा घालायचा, अर्ध्या तासाचं काम. दुसरा मार्ग म्हणजे बोर्डच बदलायचा. पण नव्या बोर्डाला जुना प्रोसेसर चालत नाही, जुनी रॅम चालत नाही, म्हणजे तिन्ही नवं घ्यायचं. डबा आणि ग्राफिक कार्ड तेवढं जुनं राहील.

"प्रोसेसर बदलला तर अडकायचं थांबंल?" अण्णांनी विचारलं.

"पुष्कळ कमी होईल."

"थांबंल का?"

"काका, शंभर टक्के कोण सांगणार? ऐंशी टक्के धरा."

"आणि बोर्ड बदलला तर?"

"मग अडकायचा विषयच नाही. पण बस चालवायच्या गेमसाठी एवढं कोण करतं हो? ऐंशी टक्के पुष्कळ झालं."

"न्हाई झालं," अण्णा म्हणाले. "बोर्डासकट बदल."

मी बघतच राहिले. तीन वर्षं! तीन वर्षं मी नव्या बोर्डासाठी ह्या माणसाच्या मागं लागले होते, आणि तीन वर्षं उत्तर एकच होतं, चालतोय की अजून. दहावीत चांगले मार्क पडले तरी हा माणूस पेढ्यांचा पुडा लहान आणणारा. आणि आज म्हणे बोर्डासकट!

"अण्णा, जरा इकडं या," मी त्यांना जिन्यात नेलं. "डोकं ठिकाणावर आहे ना? तो जुना प्रोसेसर बसतोय की आपल्या बोर्डात. अर्ध्या तासाचं काम आहे."

"तुला नवा नको व्हय?"

"मला पाहिजेच आहे. पण आत्ता कशाला? आधी हा घालून बघू. चाललं तर झालं."

त्यांनी जिन्याच्या कठड्यावर बोटं वाजवली. त्यांना पटलेलं नव्हतं, पण मी कॉम्प्युटरची मिस्त्री, माझ्या शब्दाला मान होता. "बरं," ते म्हणाले. "तुझ्या मनासारखं आधी."

सुहासदादानं तो प्रोसेसर गुरुवारपर्यंत वापरून बघायला दिला, आणि बरोबर पेस्टची एक नळी. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा, ह्या दोघांच्या मध्ये ती लावायची असते, म्हणजे उष्णता नीट बाहेर पडते.

घरी येऊन मी डबा उघडला, धूळ झाडली, पंखा काढला, जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला. अण्णा शेजारी उकिडवे बसून सगळं बघत होते. आईनं चहा आणला, तो घ्यायला मी वळले. वळून परत बघते तर अण्णांनी नळी पिळून रिकामी केलेली! प्रोसेसरवर करड्या पेस्टचा डोंगर, आणि तो चारी बाजूंनी खाली उतरायला लागलेला.

"अहो अण्णाऽऽ! काय केलंत हे?"

"ग्रीस लावलं."

"हे ग्रीस नाही! मोहरीच्या दाण्याएवढं लावायचं असतं ते!"

"एवढ्याशानं काय व्हतंय? बावीस वर्षं बघतोय मी. ग्रीस कमी पडलं की बेअरिंग गेलंच. दस्तगीर तर..." ते एकदम थांबले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते नाव आलं होतं. मग ते उठून हात धुवायला गेले.

पुढचा दीड तास मी कान साफ करायच्या काड्या आणि आईच्या औषधांच्या डब्यातलं स्पिरिट घेऊन ती पेस्ट पुसत होते. आई दारात उभी राहून हसून हसून बेजार. "चांगला मिस्त्री आणि चांगला ड्रायव्हर!" ती म्हणत होती. "दोघांना मिळून एक पगार द्यावा." नळीच्या तळाशी उरलेला थेंबभर चिकट माल मी कसाबसा बाहेर काढला, लावला, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. चालला!

मंगळवार आणि बुधवार आमच्या घरात नुसता धुडगूस होता. अडकायचं जवळजवळ थांबलं होतं. अण्णांनी आठ ट्रिपा केल्या, त्यातल्या सहा वेळा बस शेवटच्या वळणावरून अशी झोकात निघाली की मी टाळ्या पिटल्या. दोन वेळा तेवढी मोटरसायकल आडवी आली आणि आपटली. आठात सहा! बीएस्सीला मला एवढे टक्के नव्हते.

"करा फोन कुंभार मॅडमना," मी म्हणाले.

अण्णा वही लिहीत होते. "अजून थोडं अडकतंय."

"कुठं?"

"वळणावर. मोटरसायकल येती तिथं."

"अण्णा, पापणी लवेपर्यंत अडकतं हो! कुणाला कळतसुद्धा नाही."

"तेवढंच नको. उद्या हा परत दे. बोर्ड आण."

मला काय झालं कुणास ठाऊक, डोक्यात तिडीकच गेली. आठ महिने घरात जो सन्नाटा होता, जेवताना कुणी बोलायचं नाही, आईनं एकटीनं सगळ्यांना हसवत ठेवायचं, ते सगळं एकदम बाहेर आलं.

"तुम्हाला बस चालवायचीच नाही!" मी ओरडले. "प्रोसेसर झाला, आता बोर्ड, उद्या म्हणाल टीव्ही बदल. शनिवार निघून जाईल आणि मॅडम दुसरा ड्रायव्हर ठेवतील. तुम्हाला घाबरायला नुसतं निमित्त पाहिजे!"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. अण्णांनी बॉलपेनला टोपण लावलं, वही मिटली.

"निमित्तच नको हाय मला, सपे," ते म्हणाले. एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. मला वाटलं, उत्तर सुचलं नाही म्हणून काहीतरी बोलले. मी पाय आपटत आत निघून गेले.

पण रागावून किती वेळ बसणार? गुरुवारी सकाळी अण्णा स्वतः वही काखेत मारून चालत दुकानात गेले, आणि शुक्रवारी दुपारी सुहासदादा नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम घेऊन घरी हजर. मी आणि त्यानं मिळून सगळं बसवलं. पेस्ट लावायची वेळ आली तेव्हा त्यानं अण्णांना मुद्दाम खिडकीजवळ उभं केलं. मोहरीएवढा थेंब बघून अण्णांनी मान हलवली, पण बोलले नाहीत.

आणि काय सांगू, कॉम्प्युटर असा पळाला! घाट लावला, सगळी गर्दी लावली, म्हशी लावल्या, पाऊस लावला. कोपऱ्यातला आकडा, जो चित्र किती सुरळीत चाललंय ते दाखवतो, तो जागचा हलेना. सुहासदादानं कॉलर ताठ केली, चहा घेतला आणि गेला. आईनं खुर्ची ओढून बैठक मारली. "चला," ती म्हणाली, "विटा ते सुळकी, एक फुल तिकीट."

अण्णांनी शर्टाची बाही दुमडली, आरसा नसलेल्या जागी सवयीनं आरसा नीट केला आणि गाडी सोडली.

पहिली ट्रिप सुरेख झाली. वळणावर एक म्हैस होती, तिला हॉर्न देऊन त्यांनी गाडी अलगद काढली. आईनं शिट्टी मारली.

दुसऱ्या ट्रिपला मी डावीकडच्या फाट्यावर लाल मोटरसायकल बघितली. बस अजून वळणापासून लांब होती. मोटरसायकल आपल्या चालीनं येत होती, उतारावरून, झाडांच्या मधून, अगदी स्पष्ट. अण्णांनी वेग कमी केला नाही. मला वाटलं, मुद्दाम करतायत, शेवटच्या क्षणी ब्रेक मारून मला घाबरवायचं असेल. बस वळणाशी आली. धाडकन.

"अण्णा! ब्रेक का नाही मारला?"

"मारला की. उगवली तसा मारला."

"उगवली कुठं? ती केव्हाची येत होती."

"कुठनं?"

"डावीकडून. फाट्यावरून. लाल आहे की ती."

अण्णांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "अडकलं व्हतं का?"

मी कोपऱ्यातला आकडा बघितला होता. "नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी आईकडं वळून बघितलं. आईचा चेहरा उतरला होता. "मलाही दिसत होती हो," ती हळूच म्हणाली. "लांबूनच."

"परत लाव," अण्णा म्हणाले. "आता तुला मोटरसायकल दिसली की 'आली' म्हण. मला दिसली की मी 'दिसली' म्हणतो."

मी परत घाट लावला. बस निघाली. पहिलं वळण, दुसरं, मग सरळ रस्ता. डावीकडं, पडद्याच्या काठाशी, झाडांच्या मागं लाल ठिपका हलला.

"आली," मी म्हणाले.

बस चालली होती. मैलाचा दगड गेला. चिंचेचं झाड गेलं. रसवंतीची टपरी गेली. मोटरसायकल आता एवढी मोठी दिसत होती की तिच्यावरच्या माणसाचा शर्टसुद्धा कळत होता, आणि अण्णा डोळे ताणून समोर बघत होते.

"दिसली!" ते म्हणाले, आणि ब्रेकवर पाय पडायच्या आत ती बसला धडकली.

आम्ही पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच. चित्र एकदाही थांबलं नाही.

शेवटी अण्णांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, जसं ते नेहमी करायचे. वही उघडली. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. "ट्रिप ३१. मशीन ठीक आहे. ड्रायव्हरला डावीकडचं दिसत नाही."

माझं रडू फुटलं. मला स्वतःचाच संताप आला. मीच गेम लावून दिला होता, मीच दुकानात नेलं होतं, मीच स्क्रू पिळले होते. "आपण जुना बोर्ड परत बसवू," मी म्हणाले. काय बोलतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. "आहे तो अजून. सुहासदादा परत घेईल हे सगळं. अण्णा, मी आत्ता बसवते."

"येडी का खुळी तू?" अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चाळीस पोरं बसणार व्हती त्यात."

"तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. शंका व्हती. पण थोडं जरी अडकत असलं ना, तरी मी म्हणायचो, मशीनचा दोष. घाटातसुद्धा तसंच म्हणालो. मोटरसायकल एकदम उगवली, मी ब्रेक दाबला, गाडी थांबली न्हाई. मग ब्रेकच गेला असणार. दुसरं काय असंल, असं वाटलं." त्यांनी वही मिटली. "तू म्हणालीस आठात सहा. मला ते दोन कशानं गेले ते बघायचं व्हतं."

त्यांनी मला फोन लावून द्यायला सांगितलं. कुंभार मॅडमशी ते दोन मिनिटंसुद्धा बोलले नाहीत. "मॅडम, हसबे बोलतोय. मला जमणार न्हाई. न्हाई, पगाराचं काही न्हाई. डोळे दाखवायचेत मला. तुम्ही दुसरा बघा, आणि ठेवायच्या आधी त्याचे डोळे तपासून घ्या." पलीकडून त्या काहीतरी बोलल्या. "उपकार झाले," असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

पुढं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा काचबिंदू आहे, नजर कडेकडेनं जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. औषधानं उरलेली नजर टिकली, आज आठ वर्षांनीही टिकून आहे. पण ते सगळं नंतर. त्या दुपारी आम्हाला त्या रोगाचं नावही माहीत नव्हतं. आईनं डोळे पुसून पाणी आणलं, अण्णांनी ते उभ्या उभ्या प्यायलं आणि पायात चपला घातल्या.

"स्कूटर काढ," ते मला म्हणाले. "मायणी रोडला जायचंय."

मायणी रोडला काय आहे ते विचारायची गरज नव्हती. गिरणीतून काढल्यावर दस्तगीरचाचांनी तिथं पत्र्याचं शेड भाड्यानं घेऊन दुचाक्या दुरुस्त करायचं काम सुरू केलं होतं. आम्ही त्या रस्त्यानं जायचं टाळायचो. जावंच लागलं तर मी मान खाली घालून स्कूटर दामटायचे.

चाचा एका मोपेडचं चाक खोलून बसले होते. स्कूटर थांबल्याचा आवाज ऐकून त्यांनी वर बघितलं, अण्णांना ओळखलं, आणि परत चाकात डोकं घातलं.

"काय काम हाय?" ते म्हणाले.

अण्णा शेडच्या बाहेर उन्हातच उभे राहिले. "दस्तगीर, ब्रेक लागला व्हता."

चाचांचा पाना थांबला.

"मी दाबला उशिरा. डावीकडची गाडी मला दिसलीच न्हाई. आत्ता घरी कळलं. डोळ्यात कायतरी झालंय माझ्या."

चाचांनी पाना खाली ठेवला, बोळ्याला हात पुसले. एकेक बोट करून पुसले.

"मला कशाला सांगतोयस?" ते म्हणाले. "मला माहीतच हाय. मी बघितलेला ब्रेक व्हता त्यो. आठ महिने हेच वरडतोय मी. गावात तोंड दाखवायला जागा न्हाई ठेवलीस. पोरगी सासरी गेली, तिला तिथं विचारतात, तुझ्याच बापानं ब्रेक सोडला व्हता न्हवं?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "माझ्यामुळं."

"व्हय म्हणून काय व्हतंय?"

"गिरणीत सांगतो. साहेबापुढं, लिहून देतो."

चाचांनी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं. अण्णा हात पाठीमागं धरून उभे होते. चाचांचा आवाज जरा खाली आला. "मायला, किती वाळलायस," ते म्हणाले. "जा घरी. डोळे दाखव आधी. उद्या सकाळी जाऊ गिरणीत. साहेब दहाला येत्यात."

"आत्ता जाऊ," अण्णा म्हणाले. "साडेपाचपर्यंत असतोय साहेब."

"हात काळे हायत माझे. उद्या जाऊ म्हणतोय न्हवं?"

"आत्ताच चल, दस्तगीर. उद्यापर्यंत थांबलो तर सकाळी मला परत ब्रेकच फेल झालेला दिसंल."

चाचांनी मोपेडचं चाक भिंतीला टेकवलं, शेडचं दार ओढून घेतलं आणि आपल्या गाडीला किक मारली.

"बस मागं," ते म्हणाले.